तीन टबांच्या बदल्यात गेलेली तबलिया

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर आधी खाली बसा. मी तबलिया आहे, म्हणजे जेवणाचं बुटकं मेज. जुनी, लाकडी, गोल, आणि हातभरही उंच नाही. माझ्याभोवती मांडी घालून बसायचं, मधे एकच मोठं ताट ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी त्यातून जेवायचं, एवढंच माझं काम. आता कैरोत लोक खुर्चीवर बसून जेवतात आणि मला भंगार म्हणतात. म्हणोत बापडे. पण एका बुधवारी मला खरोखरच भंगारात घातलं, आणि त्यापायी एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली. ती गोष्ट सांगताना माझ्या फळ्या अजून आकसतात.

माझा जन्म बाब अल-शारियाच्या एका बोळात झाला. उस्ता मुरसी नावाच्या सुताराने मला तुतीच्या लाकडातून घडवलं. उस्ता मोठा चिडका माणूस. एखादी फळी जराशी वाकडी बसली तरी स्वतःलाच शिव्या घालायचा, ती उखडायचा आणि पुन्हा बसवायचा. हिच्यावर लेकरं जेवणार आहेत, ही डुगडुगली तर शोरबा त्यांच्या मांडीवर सांडेल, असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा. मी आजतागायत डुगडुगलेले नाही, हे मी अभिमानाने सांगते.

मला सय्यिदा झैनबमधल्या एका इस्त्रीवाल्याने नेलं. त्याच्या घरी मी तेहेतीस वर्षं काढली. सकाळी माझ्यावर वालाची उसळ आणि गरम पाव यायचे. दुपारी मुलुखियाच्या भाजीची हिरवीगार पानं माझ्यावर पसरून निवडली जायची. ईदच्या आदल्या दिवशी बायका माझ्यावर कहक बिस्किटांचं पीठ मळायच्या आणि माझ्या फटीफटींत तूप जायचं. संध्याकाळी सात मुलं माझ्याभोवती कोंडाळं करून अभ्यास करायची. एकाने माझ्यावर पेन्सिलीने गाढव काढलं म्हणून त्याला मार बसला होता. मला त्या गाढवाचं काही वाटलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, ह्या घरात कधी कमी पडत नाही, ह्या तबलियाला बरकत आहे. तेव्हा मला वाटायचं की हे असंच चालणार.

मग थोरल्या मुलाने सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आणलं. मला दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर नेलं. तिथे माझ्यावर कोंबड्यांचं खुराडं ठेवलं. अकरा वर्षं मी ऊन खाल्लं, धूळ खाल्ली आणि कोंबड्यांनी जे केलं ते सोसलं. माझा एक पाय कुजला. शेवटी घर विकायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला एका फुटक्या टाकीबरोबर अम्म गाबिरच्या, म्हणजे गाबिरकाकाच्या, गाडीवर टाकलं. "बिकियाऽऽ" अशी हाळी देत गल्लोगल्ली जुनं सामान गोळा करणारा हा म्हातारा.

त्याच गाडीवर रिहामने मला पाहिलं.

रिहाम एकोणतीस वर्षांची होती आणि शुब्राच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. हानी नावाच्या वायरमनशी तिचा साखरपुडा होऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं! हानीने जे साठवलं ते त्याच्या आईच्या आजारपणात गेलं. इंबाब्यात पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांची भाड्याची जागा मात्र त्याने कशीबशी मिळवली होती. आता प्रश्न होता सामानाचा. आमच्याकडे सामानाशिवाय नवरी निघत नाही. ते उघड्या ट्रकवर रचून, ढोल वाजवत, गल्लीतून मिरवत नेतात. कपाट, फ्रीज, काचेचे पेले, गाद्या, सगळं वरून खालून दिसलं पाहिजे. लोक गॅलऱ्यांत उभे राहून बघतात आणि पुढची दहा वर्षं त्यावर बोलतात.

रिहामने ठरवलं की नवं काही घ्यायचं नाही, कारण घेता येत नाही. जुनं शोधायचं, हाताने दुरुस्त करायचं आणि दोन खोल्या अशा सजवायच्या की बघणाऱ्याने बघतच राहावं. शुक्रवारच्या बाजारात ती आणि हानी पहाटेपासून हिंडायचे. पाडलेल्या घराची हिरवी झडपं त्यांनी आणली आणि त्यांचा आडोसा केला. पितळेच्या जुन्या स्टोव्हचा हानीने दिवा केला. दोन वेताच्या खुर्च्या रिहामने स्वतः विणून काढल्या. कारखान्यातल्या चिंध्या जमवून तिने सतरंजी विणून आणली आणि रंगीत तुकडे जोडून भिंतीएवढा पडदा शिवला. त्या पडद्याला दोन वर्षं लागली, कारण दिवसभर मशीनवर शिवून आल्यावर तिची बोटं वळायची नाहीत.

मला तिने माहेरच्या गॅलरीत आठ दिवस घासलं. कुजलेला पाय कापून नवा बसवला. रंग फासला नाही, नुसतं जवसाचं तेल पाजलं. मला रडू फुटलं असतं, पण लाकडाला ते जमत नाही. तेव्हाच तिचे वडील हाज खैरी गॅलरीत आले. ट्रामवर कंडक्टर म्हणून जन्म गेलेला, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा न जाणारा माणूस. मला बघून त्यांचा चेहराच उतरला.

"मी सोहागच्या खेड्यातून इथे पळून आलो तो ह्या असल्या तबलियापासून," ते म्हणाले. "आणि माझी पोर तीच विकत आणते. लोक काय म्हणतील? खैरीने मुलीला भिकेला लावलं म्हणतील."

रिहाम मान वर न करता तेल लावत राहिली. "बाबा, आधी घर लागलेलं बघा. मग बोला."

"बघीन. बुधवारी संध्याकाळी येतो. मला तिथे मान खाली घालावी लागली, तर हानीने घातलेलं सोनं परत करायचं. आणि ह्या विषयावर पुन्हा कोणी बोलायचं नाही."

सोनं परत म्हणजे साखरपुडा मोडला. दुसरं स्थळ तयारच होतं. नासर सिटीतला एक विधुर, घर सामानाने गच्च भरलेलं. रिहामची आई नेमात भांडी घासता घासता डोळे पुसायची, पण नवऱ्यासमोर तिने कधी शब्द काढला नव्हता.

मंगळवारी आम्ही सगळे त्या पाचव्या मजल्यावर जागच्या जागी होतो. पडदा टांगला होता, दिवा लागला होता, मधे सतरंजीवर मी आणि माझ्याभोवती चार उशा. रिहाम दारात उभी राहून बघत होती. हानी म्हणाला, "तुझ्या बाबांना हे नाही आवडलं तर त्यांच्या डोळ्यांचा नंबर काढू." ती हसली. सहा वर्षांत ती अशी किती वेळा हसली असेल कोण जाणे. मग छताला चुन्याचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता म्हणून त्यांनी आम्हाला एका कोपऱ्यात रचलं, वरून रंगाऱ्याची डागाळलेली ताडपत्री टाकली आणि बादल्या बाजूला ठेवून दिल्या. बुधवारी कारखान्यातून आल्यावर पुन्हा मांडायचं होतं. मित्रांनो, ती ताडपत्रीच आमच्या मुळावर आली.

नवरीचं घर माहेरच्या बायकांनी धुऊन द्यायचं, अशी आमच्याकडे रीत. बुधवारी सकाळी रिहामची बदरिया मावशी आपल्या दोन सुनांना घेऊन, नेमातकडून किल्ली मागून आली. मनाने सोन्यासारखी बाई, पण हात थांबत नाही आणि तोंड त्याहून नाही. जुन्या सामानाबद्दल तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण नेमातला बहिणीपुढे ते सांगायची लाज वाटली होती. मावशीने ताडपत्री उचलली, आम्हाला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बघा मेल्यांना. रंग लावून गेले आणि आपलं भंगार इथेच टाकून गेले. नवरीच्या घरात!"

तेवढ्यात खालून हाळी आली. बिकिया.

मी ओरडू शकले असते तर सगळी इमारत गोळा केली असती. मावशीने गॅलरीतून हाक मारली, घासाघीस केली, गडी वर आला. तो म्हणाला दोन टब देतो, ही म्हणाली तीन. मग दोरीला बांधलेल्या टोपलीतून खालून एक निळा, एक लाल आणि एक पिवळा असे प्लास्टिकचे तीन टब वर आले आणि आम्ही पाच मजले खाली गेलो. खुर्चीचा एक हात कठड्याला आपटून तुटला. स्टोव्हच्या दिव्याची काच दुसऱ्या मजल्यावर फुटली. मी गाडीवर उलटी पडले, पाय वर. वर मावशी पाण्याने फरशी धूत होती, आणि आनंदाने उलूल्या, म्हणजे लग्नघरातल्या जिभेच्या आरोळ्या, देत होती.

पुढचं मला रिहामच्याच तोंडून नंतर कळलं. ती तीन वाजता आली. घर लख्ख होतं, फरशीत तोंड दिसत होतं आणि मधोमध तीन टब एकावर एक ठेवले होते. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघ, कसं केलंय घर! आणि वर हे फुकट. दोनावर मी त्याला सोडलाच नाही."

रिहाम ओल्या फरशीवर मटकन बसली. तिने फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूला गेला?"

मावशीला तेव्हा उमगलं. ती रिहामच्या शेजारी ओल्यातच बसली आणि तोंडात मारून घेऊ लागली. रिहामने तिचे हात धरले. रागवायलाही वेळ नव्हता. बाबा संध्याकाळी येणार होते. ती टब उचलून तशीच जिना उतरली आणि धावत अम्म गाबिरकडे गेली. दुसरं कोण होतं तिला?

गाबिर म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "रडायचं नंतर बघू. गाढवाची गाडी होती की तीनचाकी?"

मावशीने जाता जाता सांगितलं होतं ते रिहामला आठवलं. गाढव, आणि गळ्यात निळे मणी.

"मग तो बिकियावाला शहाताच," गाबिर म्हणाला. "आणि शहाता लाकूड भट्टीला देतो. बस गाडीवर."

भट्टी म्हणजे नाश्त्याच्या वालाच्या हंड्या जिथे रात्रभर मंद आचेवर शिजतात ती. तिला जे मिळेल ते लाकूड लागतं. तिच्या तोंडासमोर मी पडले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत हिरवी झडपं आत गेली. रंग आधी फुगला, मग तडतडला. झडपं शंभर वर्षांची होती, मला म्हणायची की तू अजून पोर आहेस. भट्टीवाला काळाकुट्ट, घामेघूम माणूस. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने माझा नवा पाय धरला, मला उचललं आणि वजनाचा अंदाज घेतला. माझ्यात मुरलेलं तेल मला आठवलं. मी झटकन पेटले असते.

"ती खाली ठेव!" असा आवाज आला तेव्हा मला वाटलं की भास झाला.

रिहाम टब छातीशी धरून दारात उभी होती. चप्पल एकाच पायात. ती म्हणाली की हे टब घ्या आणि सामान द्या, सगळं माझं आहे, उद्या माझं घर लागायचं आहे. भट्टीवाल्याने तिच्याकडे बघितलं, टबांकडे बघितलं. "बाई, ह्या टबात मी काय करू, आंघोळ?" मग तिचा चेहरा बघून त्याने मला तिच्या पायाशी आणून ठेवलं. बाकीचं काही राहिलं नव्हतं. खुर्च्या वाटेत एका कहवेवाल्याने उचलल्या होत्या. पितळ वितळवायला गेलं होतं. पडदा शहाताने कोणाला तरी दिला, कोणाला ते त्याला आठवेना. दोन वर्षांचा पडदा. रिहामने मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ती अशी हुंदके देऊ लागली की गाबिर गाडीवाल्याने तोंड फिरवलं.

आम्ही परत आलो तोवर हाज खैरी येऊन गेले होते. रिकाम्या खोल्या बघून ते एकच वाक्य बोलले असं नेमातने सांगितलं. दाखवायला काही नाही, उद्या सोनं परत.

गुरुवारी दुपारी ट्रक मात्र माहेरच्या दारात आला, जिथे रिहामने मला रात्री नेऊन ठेवलं होतं. तो आधीच सांगून ठेवला होता, कारण हाज खैरींनी बघितल्यावर सगळं सामान माहेरी आणून तिथूनच मिरवत न्यायचं ठरलं होतं. ढोलवालेही आले. गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. हाज खैरी आतल्या खोलीत दार लावून बसले. नेमात रिहामला म्हणाली, ट्रक परत पाठव, उगाच शोभा करू नकोस. रिहामचे डोळे सुजले होते. तिने आईला बाजूला केलं आणि जे होतं ते चढवलं. आईने दिलेली शेगडी, दोन गाद्या, भांड्यांचं एक बोचकं आणि मी. एवढ्या मोठ्या ट्रकवर आम्ही पाचच जण! ढोलवाल्यांना वाजवावं की नाही तेच कळेना. मग रिहाम स्वतः वर चढली, मला बोचक्याखालून काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं उभं धरलं. मी मनात म्हटलं, बाई, मला झाक. लोक हसले. कोणीतरी वरून विचारलं की बाकीचं सामान मागून येतंय का. कोणी म्हणालं, खैरीने ट्रामचं तिकीट तरी द्यायचं पोरीला. बदरिया मावशी ट्रकच्या मागे चालत होती, आणि रडत रडतच उलूल्या देत होती. सबंध वरातीत तेवढाच एक आवाज आमच्या बाजूचा होता.

मला वाटलं, त्या भट्टीत गेले असते तर बरं झालं असतं. माझ्यामुळे तिला हे बघावं लागलं. असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, कोंबड्यांखालीसुद्धा नाही.

सूर्य मावळताना आम्ही इंबाब्यात त्या पाचव्या मजल्यावर बसलो होतो. रिकामी खोली, मधे मी. हानी जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, रिहाम माझ्या काठावर कपाळ टेकून. नेमातने सवयीने वालाची उसळ आणि पाव आणले होते, पण कोणी हात लावला नव्हता. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. हाज खैरी पाच मजले चढून आले. शर्ट घामाने भिजला होता. हातात रुमालाची पुरचुंडी होती, आणि तिच्यात काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. हानी उठून उभा राहिला आणि त्याचा रंगच उडाला.

हाजना धाप लागली होती. त्यांनी खुर्चीसाठी इकडे तिकडे बघितलं. खुर्ची कुठली? उभं राहवेना, भिंत धरवेना. शेवटी ते काठी सोडून हळूहळू माझ्यापाशी खाली बसले. एक गुडघा वर, एक आडवा, लहान मुलासारखे. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. त्यांचा हात माझ्या कडेवरून आपोआप फिरत होता.

"आम्ही नऊ भावंडं होतो," ते म्हणाले. "आमच्या तबलियाशी आई कधी बसली नाही. जागाच नव्हती. ती उभी राहायची, आणि आम्ही पुसून घेतलेल्या ताटाकडे बघून म्हणायची की माझं पोट भरलंय. मी ते खरं मानायचो. म्हणून मला ही डोळ्यांसमोर नको होती. तुझा त्यात काही दोष नाही."

मग त्यांनी वर बघितलं. नेमात भिंतीशी उभी होती, ओढणीचं टोक हातात घेऊन, आयुष्यभर उभी होती तशीच. हाज खैरींनी सरकून जागा केली.

"बस ना नेमात," ते म्हणाले. "इथे जागा आहे."

नेमात बसली. मग त्यांनी हानीला बसायला सांगितलं आणि पाव मोडून पहिला तुकडा त्याच्या हातात दिला. पुरचुंडी सोडली आणि रिहामला म्हणाले, हात पुढे कर. सहा वर्षांपूर्वी हानीने घातलेल्या बांगड्या त्यांनी एकेक करून पुन्हा तिच्या हातात चढवल्या. उसळ गार झाली होती. चौघांनी ती एकाच ताटातून संपवली आणि मी जराही डुगडुगले नाही.

मित्रांनो, ती खोली आता पुन्हा सजते आहे. रिहामने नवा पडदा शिवायला घेतला आहे, मावशी सुया ओवून देते. पण हिरवी झडपं राख झाली, पितळेचा दिवा वितळला, आणि पहिल्या पडद्याची ती दोन वर्षं कोणी परत आणून देणार नाही. ते सगळे माझे सोबती होते, आणि त्यांचा काही गुन्हा नव्हता. म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच मागते. घरातली जुनी वस्तू दारात आलेल्याच्या हवाली करण्याआधी एकदा मोठ्याने विचारा, ही कोणाची आहे? एकदाच विचारा. मी पाच मजले खाली गेले तेव्हा कोणीही विचारलं नाही, आणि मला तर बोलता येत नाही.